इलेक्ट्रोमीटरचं रीडिंग स्थिर का राहत नाही? पॉलिएस्टर फिल्मच्या लीकेजबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. ५० मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टर फिल्मचा रोध मोजायचा आहे. फिल्मच्या दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटर व्यासाचे इलेक्ट्रोड आहेत, एकीकडे ५०० व्होल्टचा सोर्स, दुसरीकडे इलेक्ट्रोमीटर, म्हणजे अगदी सूक्ष्म करंट मोजणारा मीटर. मीटर १ फेम्टोॲम्पिअरपर्यंत (पिकोॲम्पिअरचा हजारावा भाग; पिकोॲम्पिअर म्हणजे ॲम्पिअरचा लाख कोटीवा भाग) आकडा दाखवतो आणि नुकताच कॅलिब्रेट होऊन आला आहे. तरी तीन तक्रारी आहेत. कालचीच चाचणी आटोपून, सोर्स शून्यावर आणून पाऊण तास झाला तरी रीडिंग उणे ०.६ पिकोॲम्पिअर दाखवत होतं. ५०० व्होल्ट लावले की पहिल्या मिनिटाला ३० पिको, दहा मिनिटांनी ४, तासाभरानं १ च्या आसपास, आणि उतरणं थांबायचं नाव नाही. शिवाय टेबलाजवळून कोणी गेलं तरी पाच-दहा पिकोची उडी. शेवटी विचारलंय, मीटर बिघडलाय का, की याहून संवेदनशील मीटर घ्यावा?

माझ्या मते मीटर ठणठणीत आहे आणि नवा घेऊन एक पैचाही फायदा होणार नाही. तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि त्यातल्या एकीला तर चूक म्हणताच येणार नाही.

आधी हे प्रमाण लक्षात घ्या. १ फेम्टोॲम्पिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६,२४० इलेक्ट्रॉन. इनपुटच्या तारेवर किती चार्ज आला नि किती गेला, एवढंच मीटरला कळतं. तो चार्ज फिल्ममधून आला, इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून ओघळत आला, की तुमच्या बाहीवरच्या स्थिर विजेनं लांबूनच ढकलला, हे ओळखायचं त्याच्याकडे काही साधन नाही. कॅलिब्रेशनच्या कागदावर लिहिलेली १ टक्का अचूकता इनपुटपर्यंत पोचलेल्या करंटची असते. करंट कुठून आला याची हमी त्या कागदावर कोणी देत नाही. म्हणजे तुमचा खरा प्रश्न 'हे रीडिंग बरोबर आहे का' हा नाही, 'यातलं फिल्मचं किती' हा आहे.

इथून पुढचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे: हवेतला दमटपणा, फिक्स्चर कशाचं आहे, खोलीचं तापमान किती हलतं, फिल्मवर याआधी काय काय प्रयोग झालेत. त्यामुळे माझे आकडे अंदाजाचे समजा. पण तर्क तोच राहील.

उड्यांपासून सुरुवात करू, कारण त्या सगळ्यात स्वस्तात सुटतात

दोन वस्तूंमध्ये जरासं कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) असतं आणि त्यांच्यात व्होल्टेज असतं. दोन्हींपैकी काहीही बदललं की करंट वाहतो. तारांची जोडणी लागत नाही, स्पर्श लागत नाही. कोरड्या हवेत चालणाऱ्या माणसाच्या अंगावर हजार व्होल्ट चढणं ही अगदी रोजची गोष्ट, त्याला कळतही नाही. तो टेबलाजवळून गेला आणि त्याचं तुमच्या इलेक्ट्रोडशी असलेलं कपॅसिटन्स एका सेकंदात फक्त ०.०१ पिकोफॅरडनं बदललं, तर करंट किती? हजार व्होल्ट गुणिले ०.०१ पिकोफॅरड प्रतिसेकंद, म्हणजे १० पिकोॲम्पिअर. तुमची उडी हीच.

उपाय म्हणजे धातूचा बंद डबा. फिक्स्चर आत, डबा मीटरच्या लो टर्मिनलला (इनपुटच्या जोडीतलं संदर्भाचं टोक) एकाच ठिकाणी जोडलेला. दोन ठिकाणी जोडलात तर ग्राउंड लूप (दोन वाटांमधून गोल फिरणारा नको असलेला करंट) होऊन दुसरंच दुखणं मागे लागेल. आणि इथे एक जागा आहे जिथे मी स्वतः आपटलोय. माझा डबा छान ॲल्युमिनियमचा होता, झाकण घट्ट बसायचं, आणि उड्या काही कमी होत नव्हत्या. दोन दिवस मी केबलला दोष दिला. मग सहज मल्टिमीटरचे टोक झाकणावर आणि डब्यावर टेकवले तर सर्किट ओपन. झाकण ॲनोडाइज केलेलं होतं, आणि तो थर इन्सुलेटर असतो. म्हणजे झाकण नुसतं तरंगत होतं आणि बाहेरच्या माणसाची हालचाल इमानेइतबारे आत पोचवत होतं. चारही कोपऱ्यांत स्क्रूखालचा थर खरवडला, उड्या गायब. तुमच्या डब्यावर रंग असेल तर हेच तपासा.

डबा बसवल्यावरही उड्या उरल्या तर दोन संशयित राहतात. पहिली केबल. साधी कोॲक्स वाकवली की आतलं प्लास्टिक आणि बाहेरची जाळी एकमेकांवर घासतात आणि चार्ज तयार होतो. लो-नॉइज केबलमध्ये जाळीखाली ग्रॅफाइटचा लेप असतो, त्यामुळे हे पुष्कळ कमी होतं, शून्य होत नाही. चाचणी सोपी आहे: सोर्स बंद ठेवून केबलवर पेन्सिलीनं टिचकी मारा आणि आकडा बघा. हलला तर केबल शक्य तितकी आखूड करा आणि टेबलाला चिकटपट्टीनं जागोजाग चिकटवून टाका. दिसायला गबाळं दिसतं, काम चोख करतं.

दुसरा संशयित म्हणजे फिल्म आणि इलेक्ट्रोड यांची जोडी, आणि इकडे कोणाचं लक्ष जात नाही. तुमच्या मापांवरून या जोडीचं कपॅसिटन्स काढलं तर सुमारे १.१ नॅनोफॅरड येतं. त्यावर ५०० व्होल्ट. टेबल हलून इलेक्ट्रोडचा दाब बदलला आणि कपॅसिटन्समध्ये एका सेकंदात दशलक्षात एक भाग एवढा फरक पडला, तरी ०.५५ पिको. टेबलावर वही आपटलीत तरी तेवढं होतं. वरच्या इलेक्ट्रोडवर वजन ठेवा म्हणजे तो स्थिर बसेल, डब्याखाली फोम घाला, आणि व्हॅक्यूम पंप किंवा पंखा असलेलं कुठलंही उपकरण त्याच टेबलावर ठेवू नका.

तापमानाचंही तसंच. पॉलिएस्टरचं कपॅसिटन्स एका अंश सेल्सियसला साधारण दशलक्षात ४०० भाग बदलतं. एसीच्या चालू-बंद होण्यानं फिल्मचं तापमान दहा मिनिटांत अर्धा अंश सरकलं तर हिशोबानं ०.१८ पिको येतात, एकदा अधिक आणि एकदा उणे. रीडिंग पंधरा-वीस मिनिटांच्या लयीत हेलकावे खात असेल तर इलेक्ट्रॉनिक्स उघडण्याआधी थर्मामीटर लावा. सोर्सचंही बघा: त्याचं व्होल्टेज सेकंदाला १ मिलिव्होल्टनं सरकलं तरी १.१ पिको वाहतात. स्विचिंग सप्लायवरून ५०० व्होल्ट बनवले असतील तर हे आधी तपासण्यासारखं आहे.

करंट उतरत जाणं ही चूक नव्हे

आता दुसरी तक्रार. ३०, मग ४, मग १. हे आकडे लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्षांवर दहापटींच्या पायऱ्या असलेल्या) मांडा, जवळजवळ सरळ रेषा येईल. वेळ दहापट झाला की करंट साधारण साडेसात पटींनी कमी. पॉलिमर असेच वागतात. व्होल्टेज लावल्यावर आतले ध्रुवीय गट हळूहळू वळत राहतात, काही चार्ज सापळ्यांत अडकत राहतो, आणि त्यासाठी लागणारा चार्ज बाहेरून येत राहतो. याला डायइलेक्ट्रिक ॲब्सॉर्प्शन म्हणतात. हा करंट फिल्मचाच आहे, खरा आहे, फक्त तो आरपार जाणारा लीकेज नाही. स्पंज पाणी शोषतोय, खालून गळत नाहीये.

म्हणून 'फिल्मचा रोध किती' याला एकच उत्तर नसतं. पहिल्या मिनिटाच्या ३० पिकोवरून रोधकता (तुकड्याच्या मापांवर अवलंबून नसलेला, पदार्थाचा स्वतःचा रोध) काढली तर सुमारे ६.५ गुणिले दहाचा सोळावा घात ओहम-सेंटिमीटर येते. तासानंतरच्या १ पिकोवरून काढली तर तिच्या तीसपट. दोन्ही बरोबर आहेत, सोबत वेळ लिहिली असेल तर. इन्सुलेटरच्या मोजमापात ६० सेकंदांनंतरचं रीडिंग घ्यायची प्रथा याचसाठी पडली, सगळ्यांचे आकडे निदान एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून. तुम्हाला दोन पुरवठादारांच्या फिल्मची तुलनाच करायची असेल तर ६० सेकंद धरा आणि तासभर बसणं सोडून द्या.

खरा वहनाचा करंट, म्हणजे आरपारचा लीकेज, हवा असेल तर एक जुनी युक्ती आहे. व्होल्टेज लावून तासभर (शक्य असेल तर त्याहून बराच जास्त वेळ) वक्र नोंदवा. मग सोर्स शून्यावर आणा आणि तसाच वक्र उलट्या दिशेनं नोंदवा. शोषलेला चार्ज ज्या वेगानं आत गेला जवळपास त्याच वेगानं, उलट चिन्हानं, बाहेर येतो. पण आरपारचा लीकेज व्होल्टेज काढताक्षणी थांबलेला असतो. दोन्ही वक्रांमधली सारख्या वेळेच्या रीडिंगची चिन्हासकट बेरीज केली की शोषण एकमेकांत कटतं, उरतो तो वहनाचा भाग. तुमचे ३० आणि ४ हे आकडे रेषेवर धरून पुढे नेले तर साठाव्या मिनिटाला शोषण साधारण ०.८ पिको असायला हवं. तुम्हाला दिसतंय १ च्या आसपास. म्हणजे खरा लीकेज ०.१ ते ०.२ पिकोच्या घरात असावा. दोन जवळजवळ सारखे आकडे वजा केल्यावर उरलेला हा अंदाज आहे, त्यावर पैज लावू नका. पण आपण नक्की काय शोधतोय ते यातून कळतं: दीडशे-दोनशे फेम्टो, तेही दहापट मोठ्या पसाऱ्यातून.

उणे ०.६ कुठून आला

या प्रश्नातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हे उणे चिन्ह आहे. सोर्स शून्यावर, तरी करंट उलट्या दिशेनं. आधीची चाचणी ५०० व्होल्टवर तासभर चालली, मग पाऊण तास शून्यावर. तुमच्याच उताराचा वक्र घेऊन हिशोब करा: पंचेचाळिसाव्या मिनिटाला परतीचा करंट किती असावा? सुमारे ०.५६ पिको, उणे. तुम्हाला दिसले ०.६.

म्हणजे बहुतेक करून तुमच्या मीटरला ऑफसेट (शून्यातला कायमचा फरक) नाहीच. फिल्म आदल्या चाचणीत प्यायलेला चार्ज परत करत होती. हा आकडा शून्य समजून तुम्ही रिलेटिव्हचं बटण दाबून वजा केला असेल, तर पुढच्या प्रत्येक मोजमापात अर्ध्या पिकोची चूक स्वतःच्या हातानं घातलीत, आणि तीही दर मिनिटाला बदलणारी. त्याच हिशोबानं इलेक्ट्रोड शॉर्ट करून बारा तास ठेवले तर परतीचा करंट ६-७ फेम्टोवर येतो, चोवीस तासांनी दोनेक फेम्टोवर. म्हणून फिल्म रात्रभर शॉर्ट करून ठेवायची आणि सकाळी मोजायचं. घाईच्या कामात हे जमत नाही, मान्य आहे. मग निदान दर वेळी नवा तुकडा घ्या, वापरलेला नको.

हा माझा तर्क आहे. तो पडताळून बघायची रीत अशी, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या उत्तरात मला हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शून्य एकदम मोजायचं नाही, एकेक थर चढवत मोजायचं. मीटर तासभर गरम होऊ द्या. इनपुटवर धातूची टोपी लावा, झीरो चेक (इनपुट आतून शॉर्ट करणारा स्विच) करून झीरो करेक्ट (उरलेला फरक वजा) करा, मग झीरो चेक सोडा. सोडताक्षणी आकडा उडी मारतो, तो स्विचचा चार्ज असतो, त्याला निवायला वेळ द्या. चांगल्या इलेक्ट्रोमीटरचा इनपुट बायस करंट (मीटरच्या इनपुटमधून आपोआप वाहणारा त्याचा स्वतःचा करंट) तीन-चार फेम्टोच्या आसपास असतो. एवढंच दिसलं तर मीटर निर्दोष, विषय संपला. आता टोपी काढून केबल जोडा, दुसरं टोक मोकळं पण झाकलेलं. नंतर फिक्स्चर, फिल्मशिवाय, इलेक्ट्रोडमध्ये हवेची फट ठेवून, झाकण लावून. त्यानंतर तेच फिक्स्चर, पण ५०० व्होल्टसकट. शेवटी फिल्म. ज्या पायरीवर आकडा बिघडेल, गुन्हेगार त्याच पायरीवर आत आला. मी वहीत प्रत्येक सेटअपसाठी हे आकडे लिहून ठेवतो आणि दर महिन्याला पुन्हा घेतो. कंटाळवाणं काम आहे. पण नंतर कोणी 'हे रीडिंग कशावरून?' विचारलं की वही पुढे सरकवता येते.

हवेच्या फटीच्या पायरीवर अधूनमधून एकटाच छोटा ठोका दिसला तर घाबरू नका. डब्यातल्या हवेत किंवा धातूत असलेल्या नैसर्गिक किरणोत्सर्गातून एखादा अल्फा कण सुटतो. साडेपाच दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा कण हवेत थांबेपर्यंत दीड लाखाहून जास्त आयन-जोड्या बनवतो, म्हणजे २५ फेम्टोकुलंब. तुमच्या मीटरला तो सहज दिसतो. इनपुटभोवतीची मोकळी हवा जितकी कमी, तितके हे ठोके कमी.

गार्ड

आता चौथी पायरी, फिक्स्चर आणि ५०० व्होल्ट, फिल्म नाही. इथे काय होतं बघा. वरचा इलेक्ट्रोड आणि मीटरचा इलेक्ट्रोड एकाच इन्सुलेटरच्या पट्टीवर बसवलेले असतील, आणि त्या पट्टीचा रोध १०० टेराओहम, म्हणजे १०० लाख कोटी ओहम, असेल (हा काही वाईट आकडा नव्हे), तरी ५०० व्होल्टला ५ पिको गळतात. तुमचं एकूण रीडिंग तासानंतर १ पिकोवर आलंय, म्हणजे तुमची गळती ५ नक्कीच नाही. पण ०.२ असू शकते. आणि आपण जे शोधतोय तेही तेवढंच आहे! गळती मोजल्याशिवाय लीकेजचा आकडा सांगणं म्हणजे नुसतं बोलणं.

गार्ड म्हणजे वाटेत उभा केलेला पहारेकरी. मीटरच्या इलेक्ट्रोडभोवती धातूची एक कडी, मध्ये थोडी फट, आणि ती कडी लो टर्मिनलला जोडलेली. ५०० व्होल्टकडून पृष्ठभागावरून निघालेला करंट कडीवर पोचतो आणि तिथूनच परस्पर निघून जातो, मीटरच्या वाटेला जात नाही. कडी आणि इनपुट यांच्यातही इन्सुलेटर असतोच, पण त्यावर आता ५०० व्होल्ट नाहीत. मीटरचा इनपुट लोच्या जवळजवळ बरोबरीला असतो, फरक १ मिलिव्होल्टच्या आतला. १ मिलिव्होल्ट भागिले तेच १०० टेराओहम: १० ॲटोॲम्पिअर, म्हणजे एका फेम्टोचा शंभरावा भाग. इन्सुलेटर तोच, जागा तीच, आणि चूक पाच लाखपट कमी. महागडा इन्सुलेटर शोधत फिरण्याआधी एवढं करा. फिल्मच्या कडेवरून फिरून येणारा पृष्ठभागाचा करंटही याच कडीवर अडतो, हा वरचा फायदा.

मीटर कायम गार्ड असलेल्या इलेक्ट्रोडला, सोर्स मोठ्या साध्या इलेक्ट्रोडला. हे उलटं जोडलेलं मी अनेकदा पाहिलंय. ट्रायॲक्स (एकात एक दोन जाळ्या असलेल्या) केबलची मधली जाळी करंट मोडमध्ये कशाला जोडलेली असते ते तुमच्या मीटरच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या, सगळ्या मीटरमध्ये सारखं नसतं. आणि ज्या जोडणीत गार्डवर सोर्सचं व्होल्टेज येऊ शकतं तिथे उघड्या जाळीला हात लावू नका.

इन्सुलेटर कोणता? टेफ्लॉन, पॉलिस्टायरीन, नीलम, तिघंही उत्तम. टेफ्लॉन पाणी धरत नाही म्हणून बहुतेक जण तोच घेतात. पण त्याची एक खोड आहे. एकदा फिक्स्चर साफ करताना मी टेफ्लॉनचे खांब आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसले आणि वर कोरड्या कापडानं चोळून चकाचक केले. त्यानंतर दोन दिवस शून्य सरकत राहिलं. घासण्यानं टेफ्लॉनवर चार्ज बसला होता आणि तो जायला तयार नव्हता. साफ करायचं तर अल्कोहोलनं धुवा, चोळू नका, हवेत वाळू द्या, काही तास थांबा. आयोनायझर (आयन सोडून चार्ज घालवणारं उपकरण) असेल तर दोन मिनिटं त्याच्यासमोर धरा. बोटांचे ठसे आणि सोल्डरिंगचा फ्लक्स या दोन गोष्टी मात्र राहू देऊ नका. ओलावा आला की त्यातले क्षार चक्क छोट्या बॅटरीसारखे वागतात आणि व्होल्टेज न लावताही करंट देतात. दमटपणा ५० टक्क्यांच्या खाली ठेवता आला तर उत्तम.

मग चांगल्या मीटरचा काहीच उपयोग नाही का?

तुमच्या कामाला नाही. या रेंजला मीटरमध्ये साधारण १०० गिगाओहमचा फीडबॅक रोध असतो असं धरा. त्याचा उष्णतेमुळे होणारा नॉइज खोलीच्या तापमानाला ०.४ फेम्टो प्रति वर्गमूळ हर्ट्झ. बायस तीन-चार फेम्टो. तुम्ही शोधताय दीडशे. मीटरकडे भरपूर जागा शिल्लक आहे, ती तुमचं फिक्स्चर खाऊन टाकतंय.

फिल्टर आणि ॲव्हरेजिंगबद्दल माझं मत जरा कडक आहे: ते शेवटी लावा. मेन्सची गुणगुण काढायला मोजण्याचा वेळ मेन्सच्या पूर्ण आवर्तनांच्या पटीत ठेवणं योग्यच, ५० हर्ट्झला २० मिलिसेकंद, ६० हर्ट्झला १६.७. पण शिल्डिंग न करता नुसता फिल्टर वाढवला तर आतला ॲम्प्लिफायर मेन्सच्या पिकअपनं ओव्हरलोड होत राहतो आणि बाहेर मात्र अगदी शांत, स्थिर, साफ चुकीचा आकडा दिसतो. हलणारं रीडिंग निदान सांगतं तरी की काहीतरी बिघडलंय.

बॅकग्राउंड हळूहळू सरकत असेल तर त्यावर एक छान उपाय आहे. व्होल्टेज अधिक, उणे, अधिक, उणे असं ठरावीक वेळानं उलटवा आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक रीडिंग घ्या. पहिलं, उणे तीनदा दुसरं, अधिक तीनदा तिसरं, उणे चौथं, आणि सगळ्याला आठनं भागा. करून बघा: स्थिर ऑफसेट जातो, सरळ रेषेत सरकणारा जातो, आणि वेळेच्या वर्गाप्रमाणे वाकणारासुद्धा जातो. उरतो फक्त व्होल्टेजबरोबर चिन्ह बदलणारा भाग. त्या भागात शोषणही असतं, त्यामुळे आरपारचा लीकेज यातून मिळणार नाही. पण एकाच वेळापत्रकानं दहा सॅम्पल ताडून बघायला याच्याइतकं विश्वासाचं काही मी वापरलेलं नाही.

चार्ज मोडही विसरू नका. करंट इतका लहान असला की तो कपॅसिटरवर साठू द्यायचा आणि उतार काढायचा. ०.१५ पिको हजार सेकंदांत १५० पिकोकुलंब जमवतो, तो आकडा मीटरला अगदी आरामाचा. मधल्या उड्या आलेखावर पायऱ्यांसारख्या स्पष्ट दिसतात आणि वगळता येतात. ॲव्हरेजमध्ये त्या गुपचूप मिसळून जातात.

ही कल्पना नवी नाही. मेरी क्युरींनी १८९८ मध्ये युरेनियमची संयुगं आणि पिचब्लेंड (युरेनियमचं खनिज) मोजलं तेव्हा त्यांचे करंट काही दहा पिकोॲम्पिअरचे होते, तुमच्या पहिल्या मिनिटासारखेच. क्वाड्रंट इलेक्ट्रोमीटर, आणि सोबत पिएर व जाक क्युरी या भावांनी बनवलेली क्वार्ट्झची पट्टी. पट्टीवर हळूहळू वजनाचा भार सोडायचा, तिच्यातून निघणाऱ्या चार्जनं येणारा चार्ज तोलायचा, आणि इलेक्ट्रोमीटरचा प्रकाशबिंदू शून्यावरून हलू द्यायचा नाही. वजन आणि घड्याळ, एवढ्यावर करंट. आजचा फीडबॅक ॲम्प्लिफायर इनपुट शून्यावर धरून ठेवतो तेही हेच काम, फक्त हातात वजन नाही.

एक सुरक्षिततेचं. सोर्सच्या बाजूला १० मेगाओहमचा रोध सिरीजमध्ये घाला. फिल्म पंक्चर झाली तर करंट ५० मायक्रोॲम्पिअरवर अडेल आणि मीटर वाचेल. ३० पिकोला त्यावर पडणारं व्होल्टेज ०.३ मिलिव्होल्ट, म्हणजे ५०० पुढे काहीच नाही. मोठ्या कपॅसिटन्समुळे मीटरचा नॉइज वाढतो, तोही यानं थोडा आवरतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आज संध्याकाळी इलेक्ट्रोड शॉर्ट करून फिल्म तशीच सोडा. उद्या आधी झाकण आणि डबा यांच्यातली कंटिन्युइटी तपासा, केबल चिकटवा. त्यानंतर फिल्म काढून टोपीपासून हवेच्या फटीपर्यंतच्या चारही पायऱ्यांचे आकडे घ्या. मग फिल्म परत बसवून सोर्स शून्यावर ठेवा. उणे ०.६ च्या जागी पाच-दहा फेम्टो दिसले तर माझा परतीच्या करंटचा तर्क बरोबर होता. अजूनही अर्धा पिको असेल तर तर्क चुकला, आणि मग मला इलेक्ट्रोडच्या आधारांवर संशय आहे. ते कशाचे आहेत आणि कशानं साफ केले होते ते कळवा, सोबत फिल्मशिवाय ५०० व्होल्टला आलेला आकडाही द्या. तो ०.०५ पिकोच्या वर असेल तर गार्डची कडी बसवल्याशिवाय पुढचं मोजमाप सुरू करू नका.